निकाल सांगू नका, यादी उघडा

१५ डिसेंबरला राज्य निवडणूक आयोगाने २९ महापालिकांच्या निवडणुकीची तारीख जाहीर केली आणि त्याच रात्री मोमिनपुऱ्यातल्या आमच्या टपरीवर नागपूरचा निकाल लागला. मतदान १५ जानेवारीला, मोजणी १६ ला. पण आमच्या पोरांना एवढा दम कुठला? दुसरा चहा येईपर्यंत कुठल्या प्रभागात कोण येणार, कोण पडणार, कोणाला कोणी ‘बसवलं’ आणि कोण कोणाची मतं खाणार, सगळं ठरून गेलं. तोवर एकाही पक्षाची उमेदवारांची यादी आलेली नव्हती.

मी बाकावर गप्प बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, “अरे हिशोबवाले, तू क्यों चुप है? तेरी कॉपी कहाँ है?”

त्या कॉपीबद्दलच लिहायचं आहे.

मी गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात हिशेब लिहितो. आकड्यांची सवय आहे आणि आकड्यांचा माजही होता. २०२४ च्या विधानसभेला मी दोनशे पानी वही घेतली आणि नागपूर मध्यची जागा बूथवार लिहून काढली. कोणत्या गल्लीत किती घरं, कोण कोणत्या पक्षाचं, कोण कोणावर रुसलेलं. लाल शाईने काँग्रेस, निळ्याने भाजप, पेन्सिलीने ‘डगमग’. रोज रात्री टपरीवर वही उघडायची आणि बेरीज सांगायची. लोक ऐकायला थांबायचे. खोटं कशाला बोलू, छान वाटायचं. मतदानाच्या आदल्या रात्री माझी बेरीज होती: बंटी शेळके आठ ते दहा हजारांनी निवडून येणार.

२३ नोव्हेंबरला भाजपचे प्रवीण दटके ११,६३२ मतांनी निवडून आले.

आता म्हणाल, चुकला एक अंदाज, त्यात काय एवढं. टीव्हीवरच्या मोठमोठ्यांचे चुकले. खरंच आहे. त्याच वर्षी १ जूनला लोकसभेचे एक्झिट पोल आले तेव्हा जवळपास सगळ्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं. ४ जूनला आकडा निघाला २९३ आणि भाजप एकटा २४० वर थांबला. एका सर्वेक्षण कंपनीचे प्रमुख चक्क कॅमेऱ्यासमोर रडले. पाच महिन्यांनी महाराष्ट्राची पाळी आली. बहुतेकांनी महायुतीला पुढे दाखवलं, काहींनी आघाडीला. पण भाजप १३२, शिंदे ५७, अजित पवार ४१, म्हणजे तिघांचे मिळून २३० होतील असं जवळपास कोणीच म्हटलं नव्हतं. एकदा वरून चुकले, एकदा खालून. त्यांच्यापुढे माझी दोनशे पानी वही ती काय.

पण चुकलेल्या अंदाजाबद्दल माझी तक्रार नाही. समजा माझी बेरीज बरोबर आली असती. तरीही मी हा लेख लिहिला असता, किंवा लिहायला हवा होता. भाकितं सांगण्याचा हा छंद आपल्या मोहल्ल्यांना आतून पोखरतोय, आणि तो छंद आपण राजकारण समजून बसलोय.

आधी नागपूर मध्यचंच बघू, कारण या जागेइतकी शिकवण देणारी जागा दुसरी नाही. एकाच मतदारसंघात महाल आणि मोमिनपुरा. संघाचं मुख्यालय यातच, आमच्या मशिदी यातच, इतवारीचे व्यापारी यातच, हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्या यातच. २०१९ ला भाजपचे विकास कुंभारे इथून तिसऱ्यांदा निवडून आले, पण फक्त ४,००८ मतांनी. एमआयएमच्या पतंगाला साडेआठ हजारांच्या आसपास मतं पडली होती. बस. पुढची पाच वर्षं मोमिनपुऱ्यात एकच गणित चाललं: साडेआठ हजारातून चार हजार वजा करा, बंटी आमदार झाला असता. पतंगवाल्यांनी सीट घालवली.

माझा एक दोस्त मोबाइल दुरुस्त करतो. त्याने २०१९ ला पतंगाचं बटण दाबलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. तो काही लपवणारा माणूस नाही. निकालाच्या संध्याकाळी त्याला भर टपरीवर ‘वोटकटवा’ म्हटलं गेलं. एकाने गद्दार म्हटलं. दोन-तीन महिने गल्लीतली निम्मी पोरं त्याच्याकडे फोन न देता सीताबर्डीला जात होती. एका मताची ही शिक्षा. आणि शिक्षा देणाऱ्यांमध्ये किमान चार जण असे होते, ज्यांनी त्या दिवशी मतदानच केलं नव्हतं. हे मला माहीत आहे, कारण मी त्यातला एक. मला त्या दिवशी ताप नव्हता, गावाला गेलो नव्हतो. झोपलो होतो.

आता हिशेबवाल्याच्या नजरेने ते गणित परत करू. पतंगाच्या साडेआठ हजारांपैकी काही लोक पंजाकडे गेले असते, काही घरी बसले असते. शंभरातले किमान ४७ पंजाकडे गेले असते तरच चार हजारांची दरी भरली असती. गेले असते का? कोणाला ठाऊक! ज्यांनी शपथेवर सांगितलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण एक आकडा सगळ्यांसमोर होता आणि त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. त्या निवडणुकीत इथे निम्म्याच्या आसपास मतदान झालं. म्हणजे दीड लाखाच्या आसपास लोक, सगळ्या जातींचे, सगळ्या धर्मांचे, बूथवर आलेच नाहीत. चार हजारांचा गुन्हेगार शोधायला आपण पतंगाच्या साडेआठ हजारांत शिरलो आणि दीड लाख सोडून दिले. कारण त्या दीड लाखांत आपण स्वतः होतो.

मग आलं २०२४. या वेळी नागपूर मध्यमध्ये पतंग नव्हता. माजी मंत्री अनीस अहमद काँग्रेस सोडून वंचितकडे गेले, त्यांना तिकीटही मिळालं, आणि २९ ऑक्टोबरला अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंतची वेळ चुकली. अर्ज घेतला गेला नाही. काही दिवसांत ते काँग्रेसमध्ये परतले. टपरीवर त्या रात्री मिठाई वाटायचंच बाकी होतं: “रास्ता साफ!” वर भाजपने कुंभारेंना घरी बसवून दटकेंना उभं केलं, त्यामुळे हलबा समाज संतापला आणि रमेश पुणेकर अपक्ष उभे राहिले. हलबा मतं म्हणजे भाजपची मतं, ती फुटली म्हणजे खेळ खलास. माझी वही या एका वाक्यावर उभी होती. माझीच नाही, शहरातल्या कितीतरी जाणकारांची.

पुणेकरांनी खरंच २३ हजारांवर मतं घेतली. आमचं भाकीत तिथपर्यंत अगदी बरोबर होतं. आणि तरीही भाजपची मतं २०१९ च्या सुमारे ७५ हजार ७०० वरून सुमारे ९० हजार ५०० वर गेली. काँग्रेसचीही वाढली, साधारण ७१ हजार ७०० वरून ७८ हजार ९०० वर, पण तेवढी नाही. पहिल्या तिघांची बेरीज केली तरी २०१९ पेक्षा सदतीस हजारांच्या आसपास मतं जास्त. ही माणसं आकाशातून पडली नव्हती. ती मागच्या वेळी घरी होती, या वेळी कोणीतरी त्यांच्या दारात जाऊन त्यांना बाहेर काढलं. मी ज्या रात्री लाल-निळ्या शाईने बेरजा करत होतो, त्याच रात्री मैलभरावर महालात कोणीतरी मतदार यादीचं एकेक पान घेऊन एकेक घर करत होतं. पान सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला त्यांच्याकडे पन्नाप्रमुख म्हणतात. त्याच्याकडे अंदाज नसतो, नावं असतात.

मतकापू नाही, पतंग नाही, वंचितचं ते मोठं नाव नाही, हलबा उमेदवार अपक्ष मैदानात, आणि तरीही फरक चार हजारांवरून साडेअकरा हजारांवर. २०१९ ला ज्याला गद्दार म्हटलं त्या माझ्या दोस्ताची माफी मागायला २३ नोव्हेंबरला कोण गेलं असेल, सांगा? कोणी नाही. सगळे ईव्हीएमवर बोलत होते.

थोडं अंदाजाच्या विज्ञानाबद्दल, कारण कॉलेजातली पोरं मला म्हणतात की सर्व्हे वेगळा आणि टपरी वेगळी. वेगळी आहेच. प्रामाणिक सर्व्हे हजार माणसं नीट निवडून विचारतो. पण हजार माणसांच्या सर्व्हेतही एकेका पक्षाचा आकडा सुमारे तीन टक्के इकडे किंवा तिकडे होऊ शकतो. नागपूर मध्यमध्ये २०१९ ला एक लाख साठ हजारांच्या आसपास मतं पडली. त्याचे तीन टक्के म्हणजे ४,८००. आणि निकालातला फरक ४,००८. म्हणजे उत्तमातला उत्तम सर्व्हेसुद्धा त्या जागेबद्दल एकच खरं वाक्य बोलू शकला असता: सांगता येत नाही. हे वाक्य टीव्हीवर विकलं जात नाही आणि टपरीवर चहा पाजत नाही. शिवाय आमची टपरी हजार माणसांना विचारत नाही, स्वतःलाच हजार वेळा विचारते. महालातल्या एकाही बाईशी मी त्या महिन्यात बोललो नव्हतो. खरं तर मोमिनपुऱ्यातल्या बायांशीही नाही. वहीत घर लिहिताना घरच्या मर्दाला विचारायचो आणि चार मतं लिहायचो.

ज्या जागांवर अटीतटीची लढत असते तिथेच भाकितांचा बाजार सगळ्यात गरम असतो, आणि तिथेच भाकीत सगळ्यात निकामी असतं. शेजारच्या भंडाऱ्यात साकोलीला नाना पटोले २०८ मतांनी वाचले. बुलढाण्यात ८४१. बेलापुरात ३७७. त्याआधी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमला ४८. अठ्ठेचाळीस! आमच्या गल्लीत एका लग्नाला जेवढे पाहुणे स्टेजवर चढतात तेवढे. हा आकडा आधी सांगणारा कोणी भेटला तर मला भेटवा. सट्ट्यावाले मात्र त्याही जागांचे भाव सांगत होते. आपली काही पोरं आता फलोदीच्या सट्ट्याचे भाव मोबाइलवर फिरवतात, “बाजार झूठ नहीं बोलता” म्हणून. सट्टा हराम आहे हे त्यांना मौलानांनी सांगितलंच असेल. मी फक्त एवढंच म्हणतो की तो बाजार तुमच्या मोहल्ल्याचा भाव ठरवतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. आणि हो, शेवटी इन्शाअल्लाह लावलं म्हणून भाकिताची दुआ होत नाही.

याचं दुसरं टोक जास्त वाईट आहे. आपण आपल्या मतांचं भाकीत करतो तेव्हा आपल्याला एक गठ्ठा मानतो. मग दुसऱ्यांनी मानलं तर राग कशाला येतो? लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते आणि एकट्या मालेगाव मध्यने सगळं फिरवलं. त्या एका क्षेत्रातली आघाडी दोन लाखांच्या जवळ. झालं, देवेंद्र फडणवीसांच्या भाषणांत ‘व्होट जिहाद’ आला आणि विधानसभेच्या प्रचारात धुळे हा त्याचा पुरावा म्हणून गावोगाव फिरला. नागरिकाने कायदेशीरपणे, रांगेत उभं राहून, शाई लावून दिलेल्या मताला जिहाद म्हणणं ही शिवी आहे, आणि तिचा निषेध करायलाच हवा. पण त्याच दिवसांत आपल्याच ग्रुपवर काय फिरत होतं? “देखो, एक हो गए तो क्या कर सकते हैं.” तोच गठ्ठा, फक्त रिबन वेगळी.

आणि मग सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये काय झालं? मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि आसिफ शेख रशीद, दोघांना प्रत्येकी एक लाख नऊ हजारांवर मतं, आणि निकाल १६२ मतांनी. अगदी मधोमध दोन भाग! तोच मोहल्ला, तेच लोक. कुठे गेला गठ्ठा? तो नव्हताच. धुळ्याला लोकांनी दिल्लीचा विचार केला, मालेगावला नळाचा, रस्त्याचा, यंत्रमागाचा, कोणत्या नेत्याने आपलं काम केलं याचा. जसा कोणताही शहाणा मतदार करतो. ज्यांनी ‘व्होट जिहाद’ म्हटलं त्यांनी हे १६२ कधी सांगितले नाहीत. आपणही सांगितले नाहीत, कारण आपल्या भाकितात ते बसत नाहीत.

यावर माझ्याशी भांडणारे दोस्त एक गोष्ट नेहमी म्हणतात आणि ती पूर्ण चूक नाही. ते म्हणतात: ज्याला जास्त मतं तो विजयी अशी आपली पद्धत आहे; अल्पसंख्याक मतदाराला कोण जिंकू शकतो याचा अंदाज घ्यावाच लागतो, नाहीतर मत वाया जातं. औरंगाबाद पूर्वला बघ. इम्तियाज जलील २,१६१ मतांनी पडले आणि समाजवादी आणि वंचितच्या उमेदवारांची मतं मिळून त्याच्या कितीतरी पट. अंदाज घेतला नाही म्हणून झालं ना?

मी म्हणतो, तिथेही प्रत्येकाने अंदाज घेतला होता. प्रत्येकाची टपरी वेगळी होती, एवढंच. कोणाच्या टपरीवर पतंग पुढे होता, कोणाच्या सायकल. अंदाज कमी पडला नाही, उदंड झाला. कमी पडलं ते एकत्र बसून, उमेदवारांना समोर बसवून, अर्ज मागे घ्यायच्या तारखेआधी बोलणं. ते काम कष्टाचं आहे, त्यात कोणाच्या तरी घरी जाऊन वाईटपणा घ्यावा लागतो. भाकीत बाकावर बसून होतं. आणि ज्याचं मत आधीच मोजून ठेवलंय त्याच्या दारात कोण कशाला येईल? २०२४ ला आमच्या गल्लीत एकही उमेदवार पाच मिनिटांहून जास्त थांबला नाही. एकाला वाटत होतं हे आपलेच, दुसऱ्याला वाटत होतं हे कधीच आपले नाहीत. दोघांनाही ही खात्री कोणी दिली? माझ्या वहीचे फोटो दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांच्या फोनवर होते. मीच पाठवले होते, मोठ्या हौसेने.

आता खालाची गोष्ट. ही सांगायची लाज वाटते, म्हणून इतकी उशिरा.

माझी खाला विधवा आहे, शिलाई करते. २०२३ ला तिने हंसापुरीतली भाड्याची खोली सोडली आणि आमच्या घराजवळ राहायला आली. निवडणुकीच्या बरेच आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला: “बेटा, इथे सगळ्यांची नावं बघायला लोक आले होते, माझं नाव या यादीत नाही म्हणे. बघ ना जरा.” मी म्हटलं, बघतो खाला. त्या रात्री मी एका बूथची पेन्सिल शाईत बदलत होतो. नाव बघितलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. अर्ज आठ भरून पत्ता बदलायला फोनवर दहा मिनिटं लागली असती आणि तेव्हा मुदतही होती.

२० नोव्हेंबरला ती सकाळी आमच्या इथल्या शाळेत रांगेत उभी राहिली. नाव नाही. मग रिक्षा करून जुन्या वस्तीतल्या शाळेत गेली. तिथे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलं, तिथेही कोणाला तिची ओळ सापडली नाही, आणि दुपारच्या उन्हात तिला भोवळ आली. मत न देता ती घरी परतली. जाण्या-येण्याचे दीडशे रुपये. रात्री मी वही घेऊन तिच्याकडे जेवायला गेलो, कारण अम्मीने तिथेच जेवण ठेवलं होतं. तिने ताट वाढलं आणि विचारलं, “तू तर सगळ्यांची मतं मोजत होतास. माझं मोजलं होतंस का?”

मोजलं होतं. लाल शाईने. बूथही चुकीचा होता.

ती वही मी फाडली वगैरे नाही, सिनेमा नाही हा. ती घरात आहे. मागच्या कोऱ्या पानांवर गेल्या वर्षी आम्ही तिघांनी वेगळं लिहायला सुरुवात केली. तो मोबाइलवाला दोस्त, त्याची बहीण आणि मी. मतदार यादीची छापील प्रत घेतली आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर गेलो. बहीण होती म्हणून आतल्या खोलीपर्यंत बोलणं झालं, नाहीतर परत मर्दाला विचारून चार लिहिले असते. एका गल्लीत ४१ भानगडी निघाल्या. वारलेल्यांची नावं यादीत, लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीत, अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं कुठेच नाहीत, एका अब्दुलचं वडिलांचं नाव असं छापलेलं की तो स्वतःचाच चुलता झाला. दोन पोरं अशी, जी रोज रात्री टपरीवर निकाल सांगायची आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

हे सगळं आता का लिहितोय, तर महापालिका समोर आहे म्हणून. काही पोरं म्हणतात, ही तर गटर-नाल्यांची निवडणूक. दोस्तांनो, मार्च २०२२ ला नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. १७ मार्च २०२५ ला महालात दंगल झाली. २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीचं कुटुंब राहतं ते घर बुलडोझरने पाडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाई थांबवली, पण तोवर ते घर जमिनीवर आलं होतं. नोटीस, सुनावणी, मुदत याशिवाय घर पाडता येणार नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा. पुढे महापालिकेने कोर्टात माफी मागितली आणि सांगितलं की आम्हाला त्या निकालाची माहिती नव्हती. चार महिने माहिती नव्हती! ज्या सभागृहात उभं राहून कोणीतरी विचारलं असतं की ही कारवाई कोणत्या कायद्याने, ते सभागृह तीन वर्षं रिकामं होतं. गटर-नाल्यांची निवडणूक ती ही.

मागच्या वेळी, २०१७ ला, १५१ पैकी १०८ जागा भाजपच्या, २९ काँग्रेसच्या, १० बसपच्या. या वेळी किती? मला विचारू नका. आणि तुम्हीही सांगू नका. चार जणांच्या प्रभागात तर अंदाजाला अर्थच नाही: एका मतदाराची चार मतं, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी, आणि लोक एक इथे तर एक तिथे देतात. एकच बटण दाबून निघून येणारे दर वेळी असतात. आपल्या अम्मीला, खालाला चार बटणं समजावून सांगणं हे कुठल्याही भाकितापेक्षा जास्त मतांचं काम आहे. ३८ पैकी एका प्रभागात तीनच जागा आहेत, तिथे तीन बटणं.

यादीचंही बघा. या निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेऊन ती प्रभागांत तोडली आहे. त्यामुळे आता नवीन नाव घालता येणार नाही, पण नाव कोणत्या प्रभागात आणि कोणत्या केंद्रावर पडलंय हे आजच शोधता येतं. तोडताना एका घरातली माणसं दोन प्रभागांत गेल्याचं आम्ही स्वतः बघितलं. ज्यांचं नाव दोनदा असल्याची शंका आहे त्यांच्यापुढे दोन चांदण्या छापल्या आहेत. चांदण्या म्हणजे मत गेलं असं नाही. ओळखपत्र न्यायचं, दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं लिहून द्यायचं, आणि मत द्यायचं. हे ज्याला माहीत नाही तो दारातूनच परत येईल आणि रात्री टपरीवर येऊन म्हणेल की नाव कापलं.

कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. आमच्या तिघांत तीन मतं आहेत. मोबाइलवाला अजूनही पतंगाचं नाव घेतो आणि त्याची बहीण त्यावरून त्याला रोज झापते. उमेदवार गल्लीत आला की तिघं मिळून तेच विचारतो: प्रभागातल्या शाळेला मैदान कधी, नाला कधी, आणि घर पाडायला माणसं आली तर रात्री फोन उचलणार का. उत्तर मागच्या पानावर लिहितो, तारखेसह.

खालाचा अर्ज आठ आम्ही गेल्या वर्षीच भरला. नाव आमच्या इथे आलं. परवा नवीन यादीत शोधलं तर आहे, बूथही आमच्याच शाळेतला, पण नावापुढे दोन चांदण्या. जुन्या वस्तीतल्या यादीत कुठल्यातरी पानावर ती अजून राहतेच आहे. १५ तारखेला सकाळी साडेसातला मी तिच्यासोबत रांगेत असणार. ती म्हणाली, “आधार आणि वोटर कार्ड दोन्ही घेते. तू तेवढी तुझी कॉपी आणू नकोस.”